उंबरा ओलांडायची परवानगी

लाईट बारा वाजता येणार. आता साडेदहा झालेत. मोटर चालू झाल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही, अन् झोपलं तर तोंडावर पाणी मारीन, आधीच सांगून ठेवतो. बस रे योगेंद्र. रूपा, तू जरा इकडे सरक बेटा, तुझ्या मागं ती बाई बसलीये ना, तिला पाय लांब करता येईना.

...नाही गं! कोणी नाही! पाहा कशी उडाली! आजोबा आहे मी तुमचा, ह्या वयात दुसरं करू काय?

पण आता सांगतो ते गंमत नाही. गंमत करताना मला हसू दाबता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. हे सांगताना मी हसलो तर खुशाल उठून जा.

तुम्ही दोघं दिवसभर मोबाईलमध्ये साईट पाहू राहतात ना, त्या साईटचीच गोष्ट. मला धड वाचता येत नाही, सही करतो तीबी चित्र काढल्यासारखी. पण हे मला जीवननं चार वेळा समजावून सांगितलं, अन् शेवटचं मी ह्या डोळ्यांनी पाहिलं. जीवन म्हणजे मोतीलालचा पोरगा. मोतीलाल जळगावला दालमिलमध्ये माझ्यासंगं पोती उचलायचा, तो. पोरगं कॉम्प्युटरचं शिकलं अन् लोकांच्या साईटी दुरुस्त करायला लागलं.

तेव्हा माझी धुळ्याला चहाची टपरी होती. समोरच गिरधरनानाचं ऑफिस. खाली ऑफिस, वर घर. नानाचा पेपर निघायचा, आठवड्याचा. नाव नाही सांगत, अजून निघतो. पेपर कोणी वाचत नव्हतं भो, पण त्याची साईट बठ्ठे पाहायचे. का? तिच्यात उजव्या हाताला एक पट्टी होती. निधनाची. कोण गेलं, किती वाजता उचलणार, कुठून निघणार. लोक पहाटे उठले की आधी पट्टी पाहायचे, मंग तोंड धुवायचे. कापसाचं पान उघडा, क्रिकेटचं उघडा, पट्टी आपली उजव्या हाताला हजर.

तर गुरुवार. सव्वीस ऑक्टोबर, दोन हजार तेवीस. दोन दिवसांपूर्वी दसरा झालेला. दसऱ्याच्या मुहूर्तावर नानानं साईटचं नवं मशीन घेतलं, झेंडूची माळ घातली, अन् जुन्यातलं बठ्ठं त्याच्यात भरलं. तवापासून पट्टी गायब.

जीवन संध्याकाळच्या एस.टी.नं जळगावहून निघाला, पारोळ्याला वडा खाल्ला, साडेनऊला माझ्या टपरीवर.

"काय भो जीवन, इतक्या रात्री?"

"काका, नानाची पट्टी दिसेना. तिच्या जागी एक इंग्रजी ओळ येऊ राहिली. हुकूम पाळताना चूक झाली, म्हणते. नाना म्हणतात, पहाटे लोकांनी पाहायच्या आत पाहिजे, नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नको."

"किती वेळाचं काम?"

"पाच मिनिटं. परवानगीचं असेल काहीतरी."

पाच मिनिटं म्हणला पोरगा.

हे परवानगीचं काय असतं, ते मला त्यानं घराच्या भाषेत सांगितलं. साईटचं पान म्हणजे मालकीण. तिच्या पोटात एक हुकूम लिहिलेला असतो: जा, पट्टीची फाईल आण, इथं चिकटव. सर्व्हर म्हणजे गडी. गडी जातो, आणतो, चिकटवतो. आता फाईल ठेवलेली असते खोलीत, ती खोली दुसऱ्या खोलीत, ती तिसऱ्या. प्रत्येक दाराला तीन परवानग्या. पाहायची, लिहायची, अन् उंबरा ओलांडायची. त्याबी तिघांना वेगवेगळ्या. मालकाला, मालकाच्या घरच्यांना, अन् बाकी बठ्ठ्या जगाला. गडी बिचारा बाकीच्या जगात मोडतो. वाटेतला एक जरी उंबरा त्याला बंद असला, तर आत फाईल उताणी उघडी पडलेली असो, त्याला ती आणता यायची नाही.

काय म्हणला योगेंद्र? भूत कुठंय? येतंय रे. उंबऱ्यावरच उभं आहे.

नानाला एक मोठी बहीण होती. तानुबाई. साक्रीकडच्या खेड्यात राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बापाच्या जमिनीवर नानाच्या जोडीला तिचं नाव होतं. नानाला ते नको होतं, अन् बहिणीपुढे जाऊन मागायचीबी लाज. मंग नानानं काय केलं? आपल्याच पेपरात, आपल्याच साईटवर छापलं. तानुबाई यांचे अल्पशा आजाराने निधन. फोटोसकट. त्याच्यापुढचे कागद कसे झाले ते नानाला ठाऊक. सातबाऱ्यावरून बाईचं नाव निघालं. अन् बाई तिकडे ओट्यावर शेंगा फोडत बसलेली.

तिला कळलं कधी? निराधारचा पगार बंद झाला तवा.

मंग ती धुळ्याला यायला लागली. पंधरा दिवसाला एक खेप. पांढरं लुगडं, हातात कापडाची पिशवी. ऑफिसच्या दारात उभी राहायची अन् बोलायची, "गिरधर, माले मझार येऊ दे. मी जित्ती शे, एवढं छापी दे."

आत येऊ दे, अन् मी जिवंत आहे एवढं छाप. दुसरं काही मागत नव्हती. जमीनबी नाही.

नाना टेबलावरून मान वर न करता म्हणायचा, "कोण आहे ही बाई? माझी बहीण तर वारली. उंबऱ्याच्या आत पाय टाकला तर चोरीची फिर्याद देईन."

तासभर उभी राहायची. मंग माझ्या टपरीवर येऊन बसायची. आता माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. एक दिवस गिऱ्हाइकांसमोर मी बोलून गेलो, "अक्का, तुम्ही तर पेपरात वारल्या. भुताला चहा चालतो का?"

बठ्ठे हसले. तीबी हसली. म्हणली, "भूतले साखर जास्त लागस रे भाऊ. दोन चमचे टाक."

दिवसभर मी तो किस्सा सांगत फिरलो...

असो. पुढे कोणीतरी तिला सांगितलं, वकिलाला साईट दाखव. नानाला भनक लागली. त्यानं जीवनला जळगावला फोन लावला: त्या साली छापलेल्या निधनांची खोली आहे ना, ती जगाला बंद कर. जीवननं तिथूनच बंद केली. का म्हणून विचारलं नाही. नाना म्हणला, जीवननं केलं, विषय संपला. वकिलानं मोबाईल उघडला, तर परवानगी नाही.

चौदा ऑक्टोबरला तानुबाई खरोखर गेली. नानाच्या दारातूनच परत निघाली होती. बसस्टँडवर साक्रीच्या गाडीची वाट पाहता पाहता बाकावर कलंडली. गावच्या चार माणसांनी नेलं. पट्टीत नाव आलं नाही. पेपरात माणूस एकदाच मरतो.

चौदापासून मोजा. सव्वीसला तेरावा दिवस. नानाच्या घरी ना पान वाढलं, ना कोणी नाव काढलं.

तर जीवन दहा वाजता ऑफिसात शिरला. नाना बंडी घालून, मफलर गुंडाळून टेबलाशी बसलेला. दाराला आतून कडी. कोपऱ्यात नवं मशीन, त्याच्यावर सुकलेली झेंडूची माळ. मी अकराला टपरी झाकली अन् घरी गेलो. ह्याच्या पुढचं जीवनचं.

त्यानं आधी पट्टीची फाईल पाहिली. फाईल चांगली. वाचायची परवानगी बठ्ठ्यांना. तरी पानावर तीच ओळ, हुकूम पाळताना चूक झाली. मंग त्यानं मशीनची नोंदवही उघडली. कोण आलं, काय मागितलं, मिळालं का नाही, ते मशीन आपलं आपण लिहून ठेवतं. तिथं खाली एकसारखं लिहिलेलं. परवानगी नाकारली. परवानगी नाकारली. मिनिटाला एक ओळ.

"नाना, आता अकरा चाळीस झाले. इतक्या रात्री मिनिटामिनिटाला पट्टी कोण मागू राहिलं?"

"असेल कोणी वाचक."

"बाहेरचं नाही हे. ह्याच मशीनवरून मागणं येतंय. ह्या खोलीतून."

तेवढ्यात दारावर टक झालं. एकदाच.

नोंदवहीत एक ओळ वाढली.

जीवन थांबला. घड्याळाकडे पाहत बसला. मिनिट झालं. टक. ओळ.

"कुत्रं असेल," नाना म्हणला.

"कुत्रं घड्याळ पाहून येतं का, नाना?"

"तू तुझं काम कर ना बे!"

पोरानं काम केलं. वरच्या दारापासून एकेक उंबरा तपासत खाली आला. पहिला उघडा. दुसरा उघडा. तिसरा... बंद. जगाला ओलांडायची परवानगी नाही. अन् ते दार त्याचंच होतं. मागच्या साली त्यानंच जळगावहून लावलेलं. मशीन बदलताना पट्टीची फाईल नेमकी त्याच खोलीत पडली, अन् गडी बाहेर अडला. एवढंच होतं. चूक सापडली.

त्यानं खोलीत डोकावून पाहिलं. पहिलाच फोटो. पांढरं लुगडं.

"नाना... ही बाई तर तुमच्या दारात यायची. मी काकाच्या टपरीवर पाहिलीये हिला. ही बातमी कधीची आहे?"

"तुला काय करायचं?"

"खोली उघडली तर बठ्ठ्यांना दिसेल. आधी ही बातमी काढतो."

नाना उठून उभा राहिला. "हात लावायचा नाही! त्या बातमीवर माझी जमीन उभी आहे. पट्टी चालू कर, बाकी नाक खुपसू नको."

टक.

जीवननं मान खाली घातली. त्या एका खोलीला ओलांडायची परवानगी दिली. पान उघडलं. तीच ओळ. परत जाऊन पाहिलं, तर उंबरा पुन्हा बंद. त्यानं उघडला. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा उघडला अन् डोळ्यानं पाहत बसला. त्याच्या देखत बंद झाला.

टक. टक. आता मिनिटाची वाट नव्हती. टक टक टक. अन् ओळी पडू राहिल्या, पावसासारख्या.

"कर ना लवकर!" नाना ओरडला.

मंग पोरानं ती चूक केली. आपल्याकडच्या पोरांना ही खोड आहे, म्हणतो जीवन. काही चालेना की सात-सात-सात ठोकायचं. तिन्ही परवानग्या मिळून सात, तिघांना तीन साते, म्हणजे बठ्ठ्यांना बठ्ठं. वरच्या दारापासून थेट तळापर्यंत, कोणीबी यावं, पाहावं, लिहावं, ओलांडावं. घरादाराची कुलपं काढून नाल्यात फेकायची. शिकलेला माणूस असं करत नाही, हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं तीन साते लिहिले.

बटण दाबलं.

एक वाजून चाळीस मिनिटं.

टकटक थांबली.

काहीच झालं नाही. कडी जागेवर. दार जागेवर. फक्त मशीनवरची झेंडूची माळ हलली... कोणी अंगाला अंग घासून बाजूनं गेलं की हलते, तशी.

"आली का?" नानानं विचारलं. पट्टीचं विचारत होता तो.

पट्टी आली होती. उजव्या हाताला. एकच बातमी.

गिरधरनाना यांचे निधन. त्यांच्या पश्चात एक मोठी बहीण आहे.

जीवननं फाईल उघडली. फाईल कोरी. पान पुन्हा उघडलं. पानावर बातमी. कापसाचं पान उघडलं. बातमी. क्रिकेटचं उघडलं. बातमी.

नानाचा चेहरा लाल. "हा त्या चिंध्याचा उद्योग आहे! त्या टपरीवाल्याचा! तू मिळालास त्याला! थांब, त्याला कॉलर धरून आणतो."

माझं नाव घेतलं, भो! ज्याला आपलं नाव वाचता येत नाही, तो साईटवर बातमी टाकणार! पण माझ्या खोड्या जगजाहीर. नानानं कडी काढली, दार उघडलं, उंबरा ओलांडून रस्त्यावर गेला. टपरी बंद. रस्त्यावर कोणी नाही. दोन शिव्या हासडल्या अन् माघारी वळला.

उंबऱ्यापाशी आला.

पाय उचलला...

पाय आत येईना.

दार सताड उघडं. मधे काही नाही. जीवनला तो समोर दिसतोय. पाय उचलतो, पुढे नेतो, अन् पाय तिथंच. पडदा नाही, भिंत नाही. नुसता पाय येत नाही.

मशीनवर ओळ पडली. परवानगी नाकारली.

"जीवन... ओढ मला."

जीवन उठला. दोन पावलं गेला अन् थांबला. कारण मागून, नानाच्या खुर्चीतून, आवाज आला. म्हातारा. थकलेला. मान वर न करता बोलावं तसा.

"कोन शे रे ते? मन्हा भाऊ ते वारी गया."

...

जीवननं मागं वळून पाहिलं नाही. भिंतीला पाठ लावली. डोळे मिटले.

नाना बाहेरून, "अक्का."

"अक्का, मी आहे. गिरधर. मी जिवंत आहे."

परवानगी नाकारली.

जीवन डोळे न उघडता बोलला, "नाना, बातमी काढतो म्हणा. एकदा म्हणा. मी आत्ता काढतो."

बाहेर पायरीवर पाय घासला.

"नाना, म्हणा ना."

"जमीन..." नाना एवढंच म्हणला. जमीन.

खुर्ची करकरली. नीट मागं टेकून, निवांत बसावं तशी.

तीन वाजले. चार वाजले. दर थोड्या वेळानं पाय उचलायचा आवाज. अन् ओळ.

सव्वासहाला मी टपरी उघडायला आलो. पाहतो तर ऑफिसचं दार उघडं, दिवा चालू, अन् नाना पायरीवर, बंडीवर, दात वाजू राहिलेले. मला काय माहीत? मी म्हटलं, "काय नाना, दार उघडं अन् तुम्ही बाहेर? घरच्यांनी हाकललं का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पोरांनो, मी लोकांना आयुष्यभर घाबरवलं. तसे डोळे मी कोणाचे केले नाहीत.

"चिंधा, हात धर. मला आत घे."

मी हात धरला, ओढलं. आता मी पोती उचललेला माणूस. वजन मला कळतं. तो जड नव्हता. अडलेला होता. काट्यात लुगडं अडतं ना, तसा. मी ओढतोय, तो रडतोय, आत जीवन भिंतीला चिकटलेला. समोरच्या गच्चीवर ऊन आलं, अन् एकदम सुटला. दोघं आत धाडकन पडलो.

खुर्ची रिकामी होती.

पट्टीत त्या दिवशीची खरी निधनं आलेली. देवपूरचे एक मास्तर, एक पारोळ्याची बाई. गिरधर कुठं नाही. गडी गुपचूप कामाला लागलेला.

मी चहा करून आणला. नाना दोन कप प्याला. अंगात ऊब आली, तसा माणूस परत नाना झाला. जीवननं विचारलं, "आता काढू ना तानुबाईची बातमी?"

नानानं मफलर झटकला. "काय काढतो? थंडीनं पाय आखडला होता माझा. तुला भास झाला. बातमी जागेवर राहील. खोली बंद कर, पट्टी बाहेर काढून ठेव, अन् जा."

जीवननं पिशवी उचलली. "त्या दाराला मी पुन्हा हात लावणार नाही, नाना. तुमचं तुम्ही लावा," म्हणला. अन् आठच्या गाडीनं गेला.

नानानं दुसरा कोणी आणला अन् लावून घेतलं.

हसलो का मी, रूपा? नाही ना?

नोव्हेंबर संपता संपता नाना साक्रीची जमीन विकायला गेला. गिऱ्हाईक पक्कं, कागद तयार. रजिस्टर कचेरीत मशीनवर अंगठा लावावा लागतो. नानानं लावला. मशीन घेईना. पुसून लावला. घेईना. दुसरं बोट, तिसरं बोट. दहाच्या दहा झाली. तिथला पोरगा हसत म्हणला, "आजोबा, तुम्ही जिवंत आहात ना?" नाना हसला नाही. गिऱ्हाईक उठून गेलं.

तिथून तो सरळ माझ्या टपरीवर आला. संध्याकाळची वेळ, हवेत चांगलाच गारठा. चार-पाच माणसं होती. नुसतं बोट दाखवलं. मी काचेच्या ग्लासात चहा दिला. त्यानं दोन्ही हातांनी गच्च धरला, ऊब घेतात तसा. निम्मा प्याला, फळीवर ठेवला, निघून गेला.

मी ग्लास गोळा करायला लागलो. मी ग्लास काठाला धरतो, गिऱ्हाईक मधे धरतं. प्रत्येकाच्या ग्लासावर बोटं उमटलेली, पाचाची पाच.

नानाचा ग्लास उचलला. दिव्याजवळ नेला. फिरवून फिरवून पाहिला.

काच सगळीकडून कोरी होती... लख्ख. कोणी हातच लावला नव्हता त्याला.

चहा मात्र निम्मा संपलेला.